नातवंडांची सुट्टी आणि मुंबईची जुनी खातेवही



मागच्या आठवड्यात नातवंडं बंगळूरला परत गेली. घर एकदम शांत झालंय. सोफ्याखाली खेळण्यांचे तुकडे अजून सापडतात आणि मी दोन माणसांपुरता कुकर लावायला पुन्हा शिकतेय.

सुट्टी लागली तेव्हा तुमच्यासारखाच मलाही प्रश्न पडला होता. मुंबईसारख्या शहरात मुलांना घेऊन जायचं कुठे? नातू अकरा वर्षांचा, नात सात वर्षांची. पहिल्या रविवारी मॉलमध्ये गेलो. तिथल्या गेम झोनमध्ये तीन तासांत जेवढे पैसे गेले, तेवढ्यात आमची महिन्याची भाजी आली असती. मुलं खूश होती, खोटं कशाला बोलू? पण परत येताना रिक्षात मी विचारलं, "काय काय पाहिलंत?" तर दोघांनाही काही सांगता येईना. पैसे खर्ची पडले आणि जमेला काहीच दिसेना, हे माझ्यासारख्या बी. कॉम. बाईला कसं चालावं?

मग ठरवलं, पुढचे तीन रविवार जुनी मुंबई दाखवायची. लोकल, बस, डबा, पाण्याच्या बाटल्या, आणि प्रत्येक जागेची गोष्ट. गोष्टी मला येत होत्या, निदान तसं मला वाटत होतं. त्या तीन रविवारांत मुलांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं शोधताना माझीच जुनी वही उघडावी लागली. ते सगळं तुम्हाला सांगायचं आहे.

राणीची बाग

पहिला मान राणीच्या बागेला. भायखळा स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत जाता येतं. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण रिक्षावाल्यापासून आजोबांपर्यंत सगळे राणीची बागच म्हणतात. ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया. बाग खुली झाली १८६२ मध्ये, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते. मूळ हेतू प्राण्यांचा नव्हता, झाडांचा होता. शेती आणि बागकामाला उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने ती उभी केली. १८७३ मध्ये महानगरपालिकेने ती ताब्यात घेतली. म्हणून मी मुलांना आधी झाडं दाखवली. तिथली गोरखचिंच बघा, दोन्ही मुलांनी हात पसरले तरी बुंधा कवेत येईना. तिथेच अर्धा तास गेला, तोही फुकट.

बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं तेव्हा त्याचंही नाव राणीचंच होतं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं. भाऊ दाजी डॉक्टर होते, जुने शिलालेख वाचणारे होते आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने उभे राहिलेले होते. हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी आणि नाना शंकरशेट यांनी खूप खटपट केली. आत मातीचे छोटे छोटे पुतळे आहेत, निरनिराळ्या समाजांचे आणि कारागिरांचे. जुन्या मुंबईचे नकाशेही आहेत. सात बेटं वेगवेगळी दिसली की मुलांना कळतं, आपण ज्या रस्त्यावरून आलो तिथे एकेकाळी पाणी होतं.

पण मुलांना सगळ्यात आवडला बाहेरचा दगडी हत्ती. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते या हत्तीवरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि शेवटी १९१४ मध्ये पुन्हा जोडले. नातू हत्तीभोवती तीन फेऱ्या मारून सांधे शोधत होता. "आज्जी, हे म्हणजे पझलच की!"

आत प्राणी बघायला गेलो. काचेपलीकडे एक बिबट्या आरामात बसला होता. पोरांची गर्दी, फोटो, आरडाओरडा. माझी नात मात्र गप्प. थोड्या वेळाने माझा पदर ओढून म्हणाली, "आज्जी, मला पोपट हवा होता तेव्हा तू म्हणालीस, कुणाला पिंजऱ्यात ठेवणं पाप असतं. मग हा पिंजरा चालतो का? याचं तर आपण तिकीट काढलं."

मैत्रिणींनो, काय उत्तर द्यावं सुचेना. प्राणी वाचवायला, जपायला ठेवतात, त्यांची पिल्लं वाढवतात, हे मी सांगितलं. ते खोटंही नाही. पण तिचा प्रश्न प्राणिसंग्रहालयाला नव्हता, मला होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून-कोंडून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. दशलक्षणात दरवर्षी ऐकतो आपण. पहिलाच अतिचार बांधून ठेवण्याचा आहे. मी तिला एवढंच म्हणाले, "तुझं बरोबर आहे. तिकीट मीच काढलं. पुढच्या रविवारी तुला अशी जागा दाखवते, जिथे जनावरं आपल्याला बघायला मिळावीत म्हणून ठेवलेली नाहीत."

निघताना जवळच मोतीशाह शेठांच्या आदिनाथ मंदिरात दर्शन घेतलं. हे मंदिर श्वेतांबर परंपरेचं, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं. पण आदिनाथ भगवान सगळ्यांचेच. शत्रुंजयावर ज्यांच्या नावाची टूंक आहे तेच हे मोतीशाह, म्हणजे मोतीचंद अमीचंद. मी मुलांना सांगितलं, "पुढच्या रविवारी जिथे जायचं आहे, ती जागा सुरू करण्यातही हेच शेठ होते."

सी. पी. टँकचा पांजरपोळ

या भागाशी माझं जुनं नातं आहे. १९७० च्या सुमारास, मी नऊ-दहा वर्षांची असताना, अण्णा मला पहिल्यांदा मुंबईला घेऊन आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात मुनीम होते आणि मालकांच्या कामासाठी आले होते. आम्ही उतरलो हिराबाग धर्मशाळेत. दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद यांनी वडिलांच्या नावाने बांधलेली ही दिगंबर जैनांची धर्मशाळा. गावाकडचा आपला माणूस मुंबईत आला की तिथेच उतरायचा. सकाळी दर्शन झालं की अण्णा मला जवळच्या पांजरपोळात न्यायचे आणि चाऱ्याची पेंढी हातात द्यायचे. मुंबई म्हटलं की समुद्राच्या आधी मला त्या ओल्या गवताचा वास आठवतो.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी नातवंडांना घेऊन गेले. एवढ्या दाटीवाटीच्या बाजारात, दुकानांच्या आणि चाळींच्या मधोमध, शेकडो गायी-वासरं. नात आधी घाबरली. मग एका वासराने तिच्या हातातलं गवत ओढलं आणि ती खदखदून हसली. पुढचा पाऊण तास तिला हलवता आलं नाही.

नातवाला मात्र इतिहास हवा होता. मग तिथल्याच सावलीत उभं राहून सांगितलं.

इंग्रजांच्या काळात मुंबईत उन्हाळ्याच्या महिन्यांत भटकी कुत्री मारण्याचा नियम होता. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षीस आलं की लबाडी आली. १८३२ च्या जूनमध्ये लोकांचा संयम सुटला. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. त्यांनी शिपायांना अडवलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारश्यांबरोबर हिंदू आणि जैनही त्यात होते. किल्ल्यातल्या इंग्रजांना रोजच्या वस्तू मिळेनात. शेवटी सैन्य आणावं लागलं, लोकांना पकडलं गेलं. मुक्या जनावरांसाठी अख्ख्या शहराने दुकानं बंद ठेवली, असं याआधी तुम्ही कुठे ऐकलंय?

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, हा पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशाह हे त्याचे मुख्य आधार. एक पारशी, एक जैन. म्हातारी, आजारी, लंगडी, कुणाला नको असलेली जनावरं इथे ठेवायची. आणि खर्चाचं काय? ही गोष्ट मला बी. कॉम.ची म्हणून सगळ्यात आवडते. नुसत्या देणगीवर भिस्त ठेवली नाही. व्यापारी आपल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक थोडी रक्कम पांजरपोळासाठी बाजूला काढत. म्हणजे धंदा चालला की दयाही चालली. आजच्या मोठ्या कंपन्या नफ्यातून समाजकार्याला पैसे देतात, तो कायदा तर कितीतरी नंतर आला.

माझी छाती जरा फुगली होती. नातू मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होता. मान वर न करता म्हणाला, "आज्जी, इथे लिहिलंय मोतीशाह अफूचा व्यापार करायचे. चीनला पाठवायचे. खरं का?"

खरं. मी हे फार पूर्वी वाचलेलं होतं. जमशेटजी आणि मोतीशाह दोघांच्याही व्यापारात माळव्याची अफू होती. ती मुंबईच्या बंदरातून चीनला जायची. त्या काळी सरकारदरबारी त्याला बंदी नव्हती, उलट इंग्रज सरकारलाच त्यातून उत्पन्न होतं. मुंबईतल्या कितीतरी मोठ्या घराण्यांचा पैसा त्यातून आला. पण चीनमधली घरं त्या अफूने उद्ध्वस्त झाली, हेही तितकंच खरं. आणि श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची आपल्याकडे यादी आहे, त्यात विषाचा व्यापार आहे.

हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते मुलांना सांगितलं नव्हतं. विसरले नव्हते, गाळलं होतं. आपल्या माणसांबद्दल मुलांना चांगलंच ऐकवावं असं वाटतं ना आपल्याला? मलाही वाटलं.

त्या क्षणी अण्णांचं दुकान डोळ्यांसमोर आलं. लाल कापडी वही, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. अण्णा म्हणायचे, नावेची बाजू कोरी दिसली की समजावं, मुनीम काहीतरी लपवतोय. कॉलेजात डबल एंट्री शिकले तेव्हा ती मला नवीन वाटली नाही, ती मी घरीच ऐकली होती.

मी नातवाला म्हणाले, "खरं आहे. मी आधीच सांगायला हवं होतं. पांजरपोळही त्यांनी केला आणि अफूही विकली. दोन्ही त्याच माणसाच्या खात्यात आहे." तो म्हणाला, "म्हणजे चांगले होते की वाईट?" मी म्हटलं, "या वहीची बेरीज करायचा अधिकार माझा नाही. पण दोन्ही बाजू वाचायच्या आणि आपली वही लिहिताना लक्षात ठेवायच्या. आपण पैसा कसा मिळवतो, हे दान किती देतो याच्या आधी येतं." त्याने मोबाईल खिशात टाकला आणि बहिणीजवळ जाऊन गवत चारू लागला. त्याला किती पटलं मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून तो मला जास्त प्रश्न विचारायला लागला, एवढं खरं.

राजाबाई टॉवर

तिसऱ्या रविवारी डबलडेकर. मुंबईत पहिली डबलडेकर बस १९३७ मध्ये धावली. जुन्या, मागून उघड्या दाराच्या गाड्या २०२३ च्या सप्टेंबरात बंद झाल्या, आणि आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आहेत. सीएसएमटीहून वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली. दोन्ही मुलांना ड्रायव्हर झाल्यासारखं वाटत होतं. बसचं तिकीट आणि गेम झोनचं कार्ड, तुम्हीच तुलना करा.

ओव्हल मैदानावर उतरलो. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूला गोल कोपऱ्यांची, रंगीत अपार्टमेंटं. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि मधोमध २८० फूट उंच राजाबाई टॉवर. आराखडा काढला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, तेही भारतात कधीही न येता. टॉवरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे चोवीस पुतळे आहेत. "चोवीस? मग तीर्थंकर आहेत का?" नातीने विचारलं. सगळे हसलो. तीर्थंकर नव्हेत गं, पण आकडा लक्षात ठेवायला बरा.

हा टॉवर बांधण्यासाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी. जन्म सुरतचा, १८३१ चा, आपल्या जैन समाजातले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग सगळ्यांची नजर आपल्याकडच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या. समुद्र भरून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांवर गेला. या सगळ्या बाजाराचे राजे प्रेमचंद शेठ. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि त्याच वर्षी टॉवरसाठी आणखी दोन लाख. अट एकच, टॉवरला आईचं नाव द्यायचं.

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले, शेअर कागदाच्या मोलाचे झाले. प्रेमचंद शेठ स्वतः बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही बुडाली आणि त्यात कितीतरी माणसांचे पैसे गेले. ही नावेची बाजू यावेळी मी आधीच सांगितली, विचारायची वाट पाहिली नाही. शेठ पुढे सावरले. १८७५ मध्ये मुंबईत शेअर दलालांची संघटना स्थापन झाली, त्यातही ते होते. तिचंच पुढे शेअर बाजारात रूपांतर झालं. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला.

आणि मग मी ती गोष्ट सांगितली, जी तुम्हीही ऐकली असेल. राजाबाईंना दिसत नव्हतं. सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम. वेळ कशी कळणार? म्हणून मुलाने असा टॉवर बांधला की घंटा ऐकून आईला कळावं, आता जेवायची वेळ झाली. अण्णांनी मला १९७० मध्ये याच मैदानावर उभं राहून ही गोष्ट सांगितली होती. मी नंतर ती माझ्या मुलीला सांगितली.

नातवाने विचारलं, "ते राहायचे कुठे?" मी म्हटलं, "त्यांचा बंगला भायखळ्याला." त्याने लगेच नकाशा उघडला. "आज्जी, भायखळा इथून पाच किलोमीटरच्या आसपास आहे. घंटा तिथे ऐकू जाईल? आणि पैसे दिले १८६४ ला, टॉवर झाला १८७८ ला. चौदा वर्षं त्या कशा जेवल्या?"

आता मी पडले हिशोबातली बाई. आकडे तर बरोबर होते. पण मनाला लागलं. अण्णा जाऊन सतरा वर्षं झाली. त्यांनी दिलेली गोष्ट माझ्या नातवाने दोन मिनिटांत खोडून टाकली होती. मी मैदानाच्या कडेला बाकावर बसले आणि बराच वेळ टॉवरकडे बघत राहिले.

मग मला अण्णांची दुसरी गोष्ट आठवली. त्या दिवशी घंटेची गोष्ट संपल्यावर ते म्हणाले होते, "बघ बाळ, खाली पुस्तकं आणि वर बाईचं नाव." अण्णांचं स्वतःचं शिक्षण सातवीत थांबलेलं. घरात मुलीला पुढे शिकवायला विरोध होता. त्या एका वाक्यात त्यांनी ठरवून टाकलं होतं, हे मला खूप उशिरा कळलं. १९८१ मध्ये मी बी. कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.

मी मुलांना जवळ बोलावलं आणि सांगितलं. घंटेची गोष्ट ही गोष्ट आहे, ती तशीच ठेवू. पण इतिहासात जे पक्कं आहे ते ऐका. हा टॉवर झाला तेव्हा मुंबईतली सगळ्यात उंच इमारत होता. त्या काळी या शहरात नावं द्यायची ती राणीची, राजपुत्राची, गव्हर्नरांची. अशा वेळी सगळ्यात उंच इमारतीला एका गुजराती जैन आईचं नाव मिळालं. तिने काही राज्य केलं नव्हतं, पुस्तक लिहिलं नव्हतं. ती कुणाची तरी आई होती. आणि गंमत बघा, १८७८ मध्ये ज्या विद्यापीठावर बाईचं नाव चढलं, त्याचे दरवाजे मुलींना अजून उघडलेले नव्हते. ते पाच वर्षांनी उघडले, आणि पुढे कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. आईचं नाव आधी पोचलं, लेकी मागून आल्या.

नातू म्हणाला, "हे घंटेपेक्षा भारी आहे." अण्णांना आवडलं असतं असं वाटलं मला. त्यांनाही हिशोब जुळलेला आवडायचा.

जायचं असेल तर

आता तुमच्या उपयोगाचं. राणीची बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तो वार टाळा. बागेत सकाळीच जा, दुपारी ऊन फार लागतं. पांजरपोळात जाताना मुलांना साधे कपडे घाला आणि जुन्या चपला. गायीला काय द्यायचं ते तिथल्या माणसांना विचारूनच द्या, घरचं शिळं नको. टॉवर ओव्हल मैदानातूनच छान दिसतो. एका दिवसात एकच जागा करा, दोन नकोत. आणि जायच्या आधी एकदा त्या जागेबद्दल वाचून ठेवा, पण दोन्ही बाजूंचं. मुलांच्या हातात आता मोबाईल आहे. आपण जे गाळू ते त्यांना सापडणारच. मग ते आपल्याकडूनच ऐकलेलं बरं.

डब्यात मी तिन्ही रविवारी दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि पोह्यांचा चिवडा नेला होता. उकळलेलं पाणी घरूनच. बाहेर काही खायची वेळ आली नाही. तिन्ही रविवारांचा खर्च मी वहीत लिहिलाय. तिकिटं, बस, टॅक्सी, चारा, सगळं धरून मॉलच्या एका दुपारच्या अर्ध्याहून कमी.

त्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ बाकावर बसलो होतो. मे महिना, सूर्यास्त सातनंतर, पण लोकलने घरी पोचेपर्यंत अंधार झाला असता. टॉवरच्या घड्याळात सव्वासहा झाले आणि घंटा वाजली. मी अजून डब्याला हात लावला नव्हता. नातीने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि पहिली दशमी माझ्या हातात ठेवत म्हणाली, "आज्जी, जेव. घंटा झाली."

जय जिनेंद्र.